फोटो दाखवायचा कुणाला?

निघोजची रांजणखळगी पाहायला येणारा प्रत्येक जण फोटो काढतो आणि त्यातल्या बहुतेकांचा फोटो फसतो. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रातल्या काळ्या बेसॉल्टला पडलेले हे खळगे. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे खडकावर गरगरत राहिले आणि हजारो वर्षांच्या घासणीने रांजणासारखे खड्डे तयार झाले. काही वाटीएवढे, तर काही माणूस सहज मावेल एवढे. काठावर उभे राहिले की छाती दडपते. घरी येऊन तेच मोबाइलवर पाहिले की राखाडी खडकातली चार काळी भोके दिसतात. असे का झाले हे सांगणारे कुणी नसते. फोटो मित्रांच्या ग्रुपवर जातो, पाचसात अंगठे येतात, एखादा ‘लय भारी भाऊ’ येतो आणि पुढच्या खेपेला माणूस तसाच फोटो काढून आणतो.

अहिल्यानगर जिल्ह्याइतके विषय एका ठिकाणी मिळणे अवघड. अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, सांदण दरी, भंडारदऱ्याचे पाणी. कर्जतला रेहेकुरीची काळविटे. नगरजवळ डोंगरावर सलाबतखानाचा मकबरा, ज्याला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. मढीला कानिफनाथांची यात्रा आणि गाढवांचा बाजार. पाऊस, दुष्काळ, ऊस, मेंढरे, सगळे एकाच जिल्ह्यात. कॅमेरेही आता कमी नाहीत. तालुक्याच्या गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोराकडेही असा कॅमेरा दिसतो, जो वीस वर्षांपूर्वी मोठ्या वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराकडेही नसायचा. टंचाई आहे ती फोटो नीट बघून दोन खरे शब्द बोलणाऱ्यांची.

नगरमध्ये आम्ही काही जण अधूनमधून जमतो. या बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत. नियम दोनच. फोटो छापून आणायचा, किमान आठ बाय बारा. आणि ज्याने काढला त्याने सुरुवातीला तोंड उघडायचे नाही. बाकीच्यांनीही आधी फक्त काय दिसते तेवढेच सांगायचे. चांगले-वाईट नंतर.

पारनेरकडचे एक शिक्षक तिथे रांजणखळग्यांचा फोटो घेऊन आले होते. टेबलावर प्रिंट ठेवली. एकाने सांगितले, खडक दिसतो. दुसरा म्हणाला, पातेल्याचा तळ असावा. तिसऱ्याला वरून काढलेली विहीर वाटली. गुरुजींना राहवेना. “अहो, माणूस उतरला तर डोकं दिसणार नाही एवढा खोल आहे तो!” त्यावर आमच्यातला सर्वांत जुना, स्टुडिओत उभा जन्म काढलेला माणूस शांतपणे म्हणाला, “गुरुजी, ते तुम्ही सांगताय. फोटो सांगत नाही.”

मग त्याने पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे काढले. ते प्रिंटवर समोरासमोर ठेवून आत-बाहेर सरकवले की चौकट लहानमोठी होते. गुरुजींच्या फोटोत वर एक तृतीयांश भाग पांढऱ्या आभाळाने खाल्ला होता. पुठ्ठ्याने आभाळ झाकताच खडक पुढे आला. उजवीकडचा कोपरा झाकल्यावर तिथला प्लास्टिकचा कागद गेला. पण खोली काही आली नाही, कारण ती मुळात टिपलीच गेली नव्हती. फोटो दुपारी साडेबाराचा. सूर्य डोक्यावर, उजेड खळग्याच्या तळापर्यंत सरळ उतरलेला, सावलीची कड कुठेच नाही. शिवाय शेजारी असे काही नाही, ज्याच्याशी डोळ्याने माप घ्यावे. पुठ्ठ्याने चौकट सुधारते, उजेड सुधारत नाही. त्यासाठी परत नदीवर जावे लागते.

गुरुजी परत गेले. पुढच्या प्रिंटमध्ये सकाळचे तिरपे ऊन होते, खळग्याची एक बाजू उजळलेली, एक अंधारात. काठावर त्यांनी एका मुलाला बसवले होते. खोली एकदम कळली. पण मुलगा कॅमेऱ्याकडे बघून हसत होता, त्यामुळे सगळ्यांची नजर आधी त्याच्या दातांवर आणि मग शर्टावर. खळगा राहिला बाजूला. त्यानंतरच्या फोटोत तोच मुलगा काठाकाठाने पाठमोरा चाललेला आहे आणि त्याची लांब सावली खळग्यात उतरून वाकली आहे. त्या वाकलेल्या सावलीनेच खळग्याचा गोलावा सांगितला. हा फोटो टेबलावर आला तेव्हा खळगा किती खोल असेल यावर सगळे बोलू लागले. पातेल्याची आठवण कुणालाच झाली नाही.

हे मी सविस्तर लिहितो आहे, कारण फोटो सुधारतो तो असाच. नवी लेन्स घेऊन किंवा एखादे फिल्टर लावून गुरुजींना हे मिळाले नसते. त्यांना मिळाली ती तीनचार परक्या डोळ्यांची प्रामाणिक साक्ष. जागेवर उभे असताना आपण वारा ऐकतो, पाण्याचा वास घेतो, चढून आल्याचा दमही अंगात असतो. हे सगळे आपल्या आठवणीत फोटोला चिकटून राहते. बघणाऱ्याजवळ मात्र फक्त चौकट असते. आपल्या फोटोत काय नाही हे आपल्याला दिसत नाही, ते दुसऱ्यालाच दिसते.

ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. फोटोग्राफीचा शोध १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. सभासदांत बरेचसे कंपनी सरकारचे अधिकारी आणि डॉक्टर, पण डॉ. भाऊ दाजी लाडही होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. बैठकांत सभासद आपली छायाचित्रे मांडत, रसायनांवर वाद घालत, कुणाचे काय बिघडले ते उघड बोलत. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन यांनी मुंबईतून ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढला. नावातच हौशी मंडळी. काचेवर रसायन ओतून ते ओले असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा, असे ते दिवस. एक चित्र बिघडले की सारी मेहनत पाण्यात, म्हणून माणसे एकमेकांना विचारत. आज बोट टेकवले की फोटो निघतो, फुकट निघतो, आणि विचारायची गरजच वाटेनाशी झाली.

पुढे १९३७ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली, १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी. त्यातून स्पर्धांची, म्हणजे सलोनची मोठी परंपरा आली. हौशी छायाचित्रकाराला अभिप्राय मिळवायचा हा एक राजरस्ता. फोटो पाठवायचे, परीक्षक गुण देतात, फोटो स्वीकारला किंवा नाकारला असे कळते. स्पर्धेमुळे शिस्त येते हे मी मान्य करतो. स्वच्छ प्रिंट, सरळ क्षितिज, धारदार फोकस यांची सवय लागते. पण गुण म्हणजे अभिप्राय नाही. शेकडो फोटो एका दिवसात पाहायचे असतील तर परीक्षकाला एकेका फोटोसाठी काही सेकंदच मिळतात. नाकारला गेलेला फोटो कशामुळे गेला ते त्या आकड्यातून कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे माणूस गेल्या वर्षीची बक्षिसे बघून तसेच फोटो काढायला लागतो. धुक्यातली मेंढरे आणि उन्हाच्या तिरिपेत उडालेली धूळ हे आपल्या जिल्ह्याचे खरे चित्र आहे, पण आता ते इतक्या वेळा काढले गेले आहे की मेंढपाळाला पुनःपुन्हा कळप हाकायला लावून काढतात. त्यातून मेंढपाळाचे काहीही कळत नाही.

रेहेकुरीचा विषय काढल्याशिवाय नगरकरांची फोटोवरची चर्चा पुरी होत नाही. १९८० मध्ये जाहीर झालेले हे काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. गवत, हिवर, बाभळी आणि काळविटे. तिथून येणाऱ्या फोटोंतली एक तक्रार ठरलेली: नर म्हणजे काळा डाग, त्यात डोळा सापडत नाही. याचे कारण कॅमेऱ्याच्या मोजमापात आहे. कॅमेऱ्याला समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे असावे असे वाटते. चौकटीत वाळलेले, चमकणारे गवत जास्त असेल तर तो उजेड कमी करतो आणि नर अंधारात जातो. उलट लांब लेन्सने नर चौकटभर घेतला तर कॅमेरा त्या काळ्याला करडे करू बघतो, उजेड वाढवतो आणि पोटाचा पांढरा रंग फाटतो. म्हणजे एकच प्राणी, एकच सकाळ, आणि चुका दोन उलट दिशांच्या. ‘एक्स्पोजर चुकलं’ एवढ्यावर कुणी थांबले तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘डोळा दिसत नाही, सूर्य तुझ्या समोर होता, पुढच्या वेळी तो पाठीशी घे आणि पहिल्या तासाभरातच काढ’ असे सांगितले तर लागते. उन्हाळ्यात दहानंतर जमिनीवरून तापलेल्या हवेच्या लाटा उठतात. मग कितीही महागाची लेन्स असो, काळवीट पाण्यात बुडाल्यासारखे थरथरते. अशा वेळी कॅमेरा पिशवीत टाकावा आणि गवत बघावे.

रेहेकुरीच्या फोटोंबद्दल आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो फारसा विचारला जात नाही. काळवीट हवेत झेपावलेले आहे, फोटो झकास आहे. पण ते उडाले कशामुळे? स्वतःच्या खुशीने की गाडी अंगावर घातल्यामुळे? माद्या, पाडसे सैरावैरा पळणारा फोटो टेबलावर आला तर आमचे स्टुडिओवाले त्याच्या रचनेबद्दल एक शब्दही बोलत नाहीत. फोटो उचलून परत देतात. मला ते योग्य वाटते.

असाच प्रश्न अकोल्याच्या काजव्यांचा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस जोर धरण्याआधी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात घाटघर, साम्रद, रतनवाडी, उडदावणे, पांजरे या बाजूला झाडे काजव्यांनी भरतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते एका लयीत पेटतात आणि विझतात. आपल्याला माहीत असलेले काजव्यांचे बहुतेक गाजलेले फोटो मात्र एका क्षणाचे नसतात. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बांधून वीस-वीस, तीस-तीस सेकंदांच्या कितीतरी फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर एकावर एक रचायच्या. तेव्हा कुठे जंगलभर सोने सांडल्यासारखे दिसते. यात लबाडी काही नाही, जर सांगितले तर. तो तासाभराचा हिशेब आहे. पण तेच चित्र ‘डोळ्यांना दिसले तसे’ म्हणून पुढे केले की शेकडो माणसे ते दृश्य शोधत गाड्या घेऊन येतात आणि समोरचे खरे झाड पाहून हिरमुसतात. मग टॉर्च मारतात, हेडलाइट लावतात. काजव्याचा प्रकाश म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. आपल्या उजेडात ती हाक बुडते. म्हणून काजव्याचा फोटो समोर आला की पहिला प्रश्न ‘किती फ्रेम?’ असा हवा. सलोनमधल्या निसर्ग विभागाचा नियमही सरळ आहे: चित्रात बाहेरचे काही भरायचे नाही, आतले काही काढायचे नाही.

चांदबिबीच्या महालाबद्दल थोडक्यात सांगतो. तिथल्या कमानीत उभ्या माणसाची काळी आकृती, मागे मावळता सूर्य, हा फोटो प्रत्येक नगरकराकडे आहे. इमारत जवळून, मोबाइल वर तिरपा करून काढली की ती मागे पडायला आल्यासारखी दिसते. लांब जा, मोबाइल उभा सरळ धरा, झाले.

सर्वांत महत्त्वाचा परीक्षक मात्र टेबलाभोवती बसलेला नसतो, तो फोटोतच असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात कोप्या पडतात, बैलगाड्या रस्त्याला लागतात आणि कॅमेरेही शिवारात पोहोचतात. ज्या लोणीत देशातल्या सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्या भागात तोडणी मजुरांचे फोटो निघणे साहजिक आहे. डोक्यावर मोळी, काळवंडलेला चेहरा, मागे लाल सूर्य. आमच्यातल्या एका मुलीने असाच एक फोटो काढला होता आणि बैठकीत सगळ्यांनी त्याची तारीफ केली. ती शहाणी, प्रिंट घेऊन फडावर गेली आणि त्या बाईच्या हातात दिली. बाईंनी आपला चेहरा पाहिलाही नाही. बोट ठेवले ते मागे, गाडीजवळ. “ताई, पोरगं चाकापाशी बसलंय की. ह्ये कसं काढलं तुमी, दिसलं न्हाई व्हय?” खरेच, उसाच्या पाचटात मिसळून गेलेले एक लहान मूल तिथे होते. आठ जणांनी फोटो पाहिला होता, कुणालाच ते दिसले नव्हते. आम्ही सगळे रेषा, प्रकाश आणि मोळीचा तोल यांवर बोलत बसलो होतो. त्या बाईंनी फोटोतले जगणे पाहिले. त्या मुलीचे पुढचे सगळे फोटो बदलले. आता ती कळ दाबण्याआधी चौकटीच्या चारही कोपऱ्यांत नजर फिरवते, आणि कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय, त्याचे नाव जाणून घेतल्याशिवाय काढत नाही. मढीच्या बाजारातही ती आधी गाढवांचे भाव विचारते.

आपल्याच मुलखात पुनःपुन्हा जाण्याने काय घडते याची मोठी उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर फिरले, कनातीच्या मागे बसले, त्यातून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक झाले, एका रात्रीच्या खेळाचे फोटो काढून ते होणे शक्यच नव्हते. कणकवलीचे इंद्रजित खांबे दशावताराच्या कलावंतांचे आणि आपल्या आसपासच्या कोकणाचे फोटो काढत आले आहेत. त्यांचे काम जगभर पाहिले जाते आणि ते उभे आहे सिंधुदुर्गाच्या मातीत. कोल्हापूरच्या प्रज्वल चौगुले यांनी कोळ्याच्या जाळ्यावरचे दवबिंदू मोबाइलवर टिपले आणि २०२२ मध्ये अ‍ॅपलच्या जागतिक मॅक्रो स्पर्धेत ते विजेत्यांत होते. दव आणि कोळ्याचे जाळे आपल्या बांधावरही रोज सकाळी असते.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या थोर फ्रेंच छायाचित्रकाराची एक सवय मला फार उपयोगाची वाटते. तो फोटो उलटा धरून बघायचा. उलटा धरला की माणूस, झाड, देऊळ ओळखू येईनासे होते आणि राहतात ते फक्त काळ्या-पांढऱ्याचे आकार. तोल कुठे ढळला ते चटकन दिसते. अकोल्यात किंवा जामखेडला, जिथे टेबलाभोवती बसायला माणसे नाहीत, तिथे एकट्यालाही हे करता येते. दुसरा उपाय म्हणजे फोटो महिनाभर बंद ठेवणे. चढून आल्याचा दम तोवर उतरलेला असतो.

ज्याच्यापुढे कुणी फोटो ठेवतो, त्याच्यावरही जबाबदारी येते. ‘मस्त’ म्हणून सुटका करून घेणे हा आळस आहे आणि ‘यात काही दम नाही’ म्हणणे हा उद्धटपणा. दोन्हींत फोटो पाहिलेला नसतो. नजर आधी कुठे गेली, मग कुठे, आणि कुठे अडली, एवढे सांगितले तरी समोरच्याला पुरते. आणि एका वेळी एकच दुरुस्ती सांगावी. पोराला एकदम दहा चुका दाखवल्या की तो कॅमेरा कपाटात ठेवतो. आमच्या बैठकीला येऊन परत न फिरकलेली दोनतीन मुले अशीच गेली, याचे मला वाईट वाटते.

दिवाळीत घरोघरी हजारो फोटो निघतात. लक्ष्मीपूजनाच्या वेळी फ्लॅश बंद ठेवा, पणत्यांचा उजेड चेहऱ्यावर पडेल अशा जागी माणसे बसवा आणि मोबाइल कशाला तरी टेकवून धरा. रांगोळीचा फोटो बरोबर वरून घ्या. पाडवा झाला की त्यातले पाच फोटो निवडून स्टुडिओतून छापून घ्या. प्रिंटचा खर्च फटाक्यांच्या एका माळेइतकाही येणार नाही. भाऊबीजेला जमलेल्या भावंडांपुढे ते मांडा आणि स्वतः गप्प बसून विचारा, “यात तुम्हाला काय दिसतं?” आणि ज्यांचे फोटो काढलेत, त्यांच्या हातात एक एक प्रत नक्की द्या.